भूतबंगल्याची शेवटची फेरी

तुम्ही खोटं बोललात, साहेब.

दारू पिऊन कोणीतरी आत जाऊन झोपलं होतं, असं तुम्ही पत्रकारांना सांगितलंत. तुमच्या कपाळावर तेव्हा कुंकू होतं, आणि ते मी लावलेलं होतं. घामानं ते खाली ओघळत होतं आणि तुम्ही रुमालानं टिपत होतात. मी तुमच्यापासून दोन हातांवर उभी होते. एकदासुद्धा तुम्ही माझ्याकडं बघितलं नाहीत. बघितलं असतंत तर तुम्हाला एवढं धड बोलता आलं नसतं.

आता तुम्ही निवृत्त झालात म्हणे. सकाळी फिरायला जात असाल, नातवंडांना गोष्टी सांगत असाल. ही पण एक गोष्टच आहे. वाचा.

त्या दिवशी मी आनंदबनच्या फाटकाशी पोचले तेव्हा भूतमामा माझ्या आधी येऊन उभे होते आणि रखवालदार त्यांना आत सोडत नव्हता.

“कोण तुम्ही?”

“भूत.”

“काय?”

“भूत. भूतबंगल्यातलं. साहेबांनी बोलवलंय.”

रखवालदार नवा होता, ठेकेदारानं आणलेला. त्यानं मामांना खालपासून वरपर्यंत बघितलं. इस्त्रीचा लेंगा, धुतलेला शर्ट, काखेत पिशवी, डोक्याला चापून लावलेलं खोबरेल. तो म्हणाला, “आजोबा, घरला जावा. ऊन लागलंय तुमास्नी.”

“अरे सोड त्यांना,” मी म्हणाले. “खरंच भूत हाईत ते.”

“आन तू कोण?”

“मी भुताची दारवान. मालन खोत. विचार जा तुझ्या साहेबाला.”

तो विचारायला गेला नाही. कंटाळून बाजूला झाला. मामा मला हळूच म्हणाले, “बावीस वर्सं काम केलं मालन, पर कुणी वळखत न्हाई बघ.”

“तोंड दाखवलंय कधी तुम्ही कुणाला?”

“त्ये बी खरंच.”

त्यांचं खरं नाव तातोबा गुरव. पण ते नाव मलाही पहिली काही वर्षं ठाऊक नव्हतं. सगळी त्यांना भूतमामा म्हणायची. माळीकाम करणाऱ्या बाया, बोटीवाले, गोळेवाला, सगळी. त्यांना त्याचं वाईट वाटायचं नाही. उलट एकदा ते लग्नासाठी मुलगी बघायला गेले होते, तेव्हा मुलीच्या बापानं विचारलं, पोरगा काय करतो, तर मामांनी स्वतःच सांगितलं, भूत हाय. बाप उठून गेला. ही गोष्ट मामा हसत सांगायचे. लग्न मात्र त्यांचं त्यानंतर झालं नाही ते झालंच नाही.

आनंदबन म्हणजे काही फार मोठं प्रकरण नव्हतं. कृष्णेच्या पलीकडं, ऊस संपून खडक लागतो तिथं तुमच्या मंडळानं बांधलेली बाग. आकाशपाळणा, बदकांच्या बोटी, हसऱ्या आरशांची खोली, शेपूट मोडलेला एक सिमेंटचा डायनासोर. तीस-चाळीस गावांच्या शाळांच्या सहली तिथं यायच्या. कॉलेजची पोरंपोरी डायनासोरच्या पोटाखाली बसायची आणि आम्ही न बघितल्यासारखं करायचो. आमच्या भागातल्या कितीतरी माणसांनी जन्मात पहिल्यांदा उंचावरून आपलं गाव बघितलं ते त्या आकाशपाळण्यातून. तुम्हाला ते सगळं जुनाट वाटलं. गंजलं होतं, हे मी पण नाही म्हणत नाही. शिमग्याला बाग बंद झाली. त्याच जागी नवी, मोठी, इंग्रजी नावाची बाग होणार होती.

आत गेलो तर सगळं उकरून ठेवलेलं. पाळण्याचे डबे काढून जमिनीवर ओळीनं मांडले होते, पंगत बसल्यासारखे. तळ्यातलं पाणी सोडून दिलं होतं आणि बदकं चिखलात कलंडली होती. हसरे आरसे खोलीतून काढून बाहेर भिंतीला टेकवले होते. जाताना एका आरशात मामा एकदम उंच आणि रुंद दिसले. ते थांबले.

“हितं बरा दिसतो की मी.”

“चला, उशीर होतोय.”

“थांब गं जरा. परत कवा दिसणार असा?”

पुढं जेसीबी उभा होता. त्याला झेंडूच्या माळा घातल्या होत्या, दसऱ्याला घालतात तशा. चालवणारा पोरगेला होता, सावलीत बसून मिसरी लावत होता.

मामांना त्या दिवशी का बोलवलं होतं हे तुम्हाला आठवत नसेल, तर मी सांगते. चार दिवस आधी तुम्ही आम्हाला तुमच्या खोलीत बोलावलंत. म्हणालात, पाडकामाच्या आधी बालगृहाच्या मुलांना भूतबंगल्याची शेवटची फेरी द्यायची. पाहुणे येतील, पेपरवाले येतील. “आणि ते भूत असू द्या हं आत. भुताशिवाय कसली मजा?” हे तुमचे शब्द. मामा दाराशी चपला काढून उभे होते. तुम्ही त्यांच्याकडं बघून म्हणालात, “नव्या बागेत आम्ही काम बघून माणसं घेऊ. बघू तुमचं.”

बघू तुमचं. एवढंच. पण मामांनी ते घरी नेलं आणि चार दिवस त्याच्यावर जेवले.

भूतबंगला बाहेरून पिवळा होता, आत काळोख. लोखंडी रुळांवरून एक गाडी आत जायची, वळणं घेऊन दुसऱ्या दारानं बाहेर यायची. आत लाल दिव्याचे सांगाडे होते, सिमेंटचा पिंपळ होता, आणि शेवटच्या वळणावर विहीर. विहीर म्हणजे छातीइतका गोल कट्टा आणि आत खड्डा. त्या खड्ड्यात स्टुलावर मामा बसायचे. गाडी जवळ आली की पांढऱ्या तोंडानं, पाणी निथळत, हळूच वर यायचे. ओरडायचे नाहीत, हात लावायचे नाहीत. नुसते वर यायचे आणि बघायचे. सांगाड्यांना लोक हसायचे. मामांना कोणी हसल्याचं मी ऐकलं नाही.

माझं काम दारावर. माणसं गाडीत बसवायची, साखळी लावायची आणि रुळावर लोखंडी पहार आपटायची. रुळातून आवाज थेट विहिरीपर्यंत जायचा. एक ठोका म्हणजे खुशाल घाबरवा. दोन ठोके म्हणजे गाडीत लहान पोर आहे, नाहीतर पोटुशी बाई आहे, नाहीतर कोणी छातीचा रोगी आहे, हलायचं नाही. दोन ठोके पडले की मामा विहिरीत खाली मान घालून बसायचे, खोकला आला तरी गिळायचे. गाडी बाहेर आली की मी पुन्हा एक ठोका मारायची, तेव्हाच त्यांचा श्वास मोकळा.

ही पद्धत कोणा अधिकाऱ्यानं लावली नव्हती. मामांनी लावली. अगदी सुरुवातीला कवठ्याकडची एक लहान मुलगी विहिरीपाशी बेशुद्ध पडली होती. मामांनी तिला उचलून बाहेर आणली, तर शुद्धीवर आल्यावर त्यांचं तोंड बघून ती परत बेशुद्ध झाली. तेव्हापासून. मी म्हणायची, मामा, एवढं काय, पोरं घाबरतात आणि विसरतात. ते म्हणायचे, “न्हाई विसरत. ती पोरगी जल्मभर हिरीवर पाण्याला जाताना भ्यायची. आपल्या पोटापायी कशाला?”

कधीकधी गंमत व्हायची. नवी नवरी बरोबर घेऊन चांगला मिशीवाला गडी यायचा, तिला गाडीत बसवायचा आणि माझ्याजवळ येऊन हळूच म्हणायचा, “मावशी, तेवढं दोन ठोकं मारा की.” मी मारायची. आणि संध्याकाळी मामांना सांगायची की आज एक पैलवान पोटुशी होता.

तर त्या दिवशी. मोटर आधीच काढून नेली होती, दिवे नव्हते. गाडी माणसांनी ढकलायची, असं ठरलं होतं. मी बॅटरी घेऊन मामांबरोबर आत गेले. त्यांनी पिशवीतून कफनी काढली. धुऊन, नीळ देऊन आणली होती.

“भुताच्या कपड्याला नीळ?” मी म्हणाले.

“मोठी माणसं येणार हाईत. मळकं भूत बरं दिसतं व्हय?”

मी त्यांच्या तोंडाला पांढरं लावलं. जस्ताची पूड आणि खोबरेल. गाल आत गेले होते, बोट फिरवताना हाड लागत होतं.

“दात ठेवू का काढू?”

“काढा. काढल्यावर जास्त भ्या वाटतं.”

त्यांनी कवळी काढून रुमालात बांधली आणि खिशात ठेवली. मग बोळक्या तोंडानं म्हणाले, “मालन, आज काम चांगलं झालं पायजे. साहेब सोता येणार. एकदा त्येंनी बघितलं की मग बोलायला तोंड राहतं आपल्याला.”

“मामा, नव्या बागेत मशीनची भुतं येणार हाईत म्हणे.”

“येऊ देत की. मशीनला शिकवाय एक माणूस लागंल का न्हाई?”

“आन नाही घेतलं तर?”

ते विहिरीत उतरले. स्टूल हलवून बघितलं. “मग काय. खोलीत बसायचं. रातीचं झोपायचं, दिवसाचं बी झोपायचं. तुला म्हाईतीय, बाग बंद झाल्यापासनं माझ्याशी कोण बोलतं? दुकानवाला इचारतो, साखर किती. तेवढंच.”

मी म्हणाले, “पोरं यायला अवकाश आहे. कंटाळा आला तर बाहेर येऊन झाडाखाली बसा.”

“आन पोरांनी बघितलं तर? भूत झाडाखाली च्या पितंय म्हणून? मग आत येऊन काय भ्यायची कप्पाळ. तू जा. ठोका दे, मी हाय.”

मी बाहेर आले. धडधाकट मामांशी मी बोलले ती शेवटची वेळ.

दारावर माझ्या जागी जाऊन उभी राहते तोच तुमच्या ऑफिसातली ती बाई धावत आली. “अहो बाई, तुम्ही. चला, ओवाळायला बायका कमी आहेत.”

“माझं काम दारावर आहे.”

“साहेबांनी सांगितलंय.”

मांडवात तुम्ही स्वतः उभे होतात. मी तुम्हाला पण तेच सांगितलं. तुम्ही म्हणालात, “दारावर काय सोनं ठेवलंय का? पाहुणे आले की ओवाळा आणि जा परत.” माझ्या हातात तबक दिलं. निरांजन, कुंकू, अक्षता, सुपारी. डोक्यावर पदर घ्यायला सांगितलं. मी पहार दारापाशी टेकवून आले होते, ती तिथंच राहिली.

बालगृहाची गाडी आली. मुलं उतरली, सगळ्यांच्या डोक्याला एकसारखं तेल, एकसारखा भांग. त्यांना मांडवाच्या कडेला उन्हात बसवलं. एक मुलगा सारखा भूतबंगल्याकडं बघत होता. मला विचारलं, “आत खरं भूत असतं?”

“असतं.”

“चावतं का?”

“त्याला दात नाहीत.”

तो खूश झाला.

पाहुणे येत नव्हते. ऊन चढत गेलं. बँडवाले दोनदा वाजवून थांबले. मुलं पेंगायला लागली, एकाला उलटी झाली. बालगृहाच्या मॅडम तुमच्याशी काहीतरी बोलल्या, तुम्ही घड्याळ बघितलंत, आणि मुलांना बिस्किटांचे पुडे देऊन गाडीत बसवलं. तो मुलगा जाताना मान वळवून वळवून बघत होता.

मी तबक घेऊन तशीच तुमच्याकडं आले. आठवतं का बघा.

“साहेब, पोरं गेली. मग फेरी?”

“फेरी रद्द. पाहुण्यांना पुढं कार्यक्रम आहे. आले की नारळ आणि लगेच शुभारंभ.”

“मग मी मामांना बाहेर बोलावते. ते आत बसलेत. विहिरीत.”

तेवढ्यात लांब फाटकाशी गाड्यांची धूळ दिसली. तुम्ही माझ्या डोक्यावरून तिकडं बघत होतात. बघता बघता म्हणालात, “हो हो. बघतो मी. तुम्ही ओवाळायला व्हा पुढं.”

हो हो, बघतो मी. मी तुमच्या कानाशी बोलले होते, साहेब. तुमच्या अत्तराचा वास येत होता इतक्या जवळून. आणि अधिकारी माणूस बघतो म्हणाला की बघणार, असं मी तेव्हा धरून चालायची.

गाड्या आल्या. बँड सुरू झाला. पाहुणे उतरले, मागं त्यांची माणसं, मागं कॅमेरे. आम्ही पाच बाया ओळीनं उभ्या. तुम्ही आधी स्वतःचं कपाळ पुढं केलंत, मी कुंकू लावलं. मग पाहुण्यांचं.

तुम्ही तुमच्या मुकादमाला, त्या मगदूमला, काहीतरी खुणावलंत ते मला दिसलं. तो भूतबंगल्याकडं गेला. मला बरं वाटलं. आता हा मामांना घेऊन येईल, पांढऱ्या तोंडाचे मामा उन्हात डोळे चोळत येतील, लोक हसतील, आणि मी त्यांना चहा देईन.

मगदूम आत गेला नाही.

तो दारापाशी उभा राहिला. आतला काळोख बघितला. एक पाय उंबऱ्यावर ठेवला आणि परत घेतला. सहा फुटी गडी, गळ्यात साखळी, आणि तो भूतबंगल्याला भ्याला. पुढं चौकशीत त्यानं सांगितलं की साप असतील म्हणून तो आत शिरला नाही. साप कसले. मी बावीस वर्षं माणसांना त्या दारातून आत जाताना बघितलंय. सापाला भिणारा माणूस पायाखाली बघतो. हा समोर बघत होता.

मग त्यानं दाराला टेकवलेली माझी पहार उचलली आणि आत कोणी आहे का बघायला रुळावर आपटली.

ठण्. ठण्.

दोनदा.

बँडच्या आवाजात मला ते ऐकू आलं. दुसऱ्या कोणाला आलं नसेल. माझं बोट पाहुण्यांच्या कपाळावर होतं आणि ते तिथंच राहिलं. पाहुणे म्हणाले, “काय झालं?”

मगदूमनं थोडा वेळ कान दिला. आतून हू नाही का चू नाही. त्यानं हाक मारली नाही. कोणाच्या नावानं मारणार? नाव त्याला माहीतच नव्हतं. त्यानं लांबून तुमच्याकडं बघून हात हलवला, मोकळं आहे म्हणून. आणि तुम्ही जेसीबीवाल्याकडं बघून मान हलवलीत.

मी तबक टाकलं. निरांजन उलटलं आणि सतरंजी जळाली. पुढं त्या सतरंजीबद्दल मला दोन वेळा विचारण्यात आलं. मामांबद्दल एकदा.

मी पळाले. “थांबा, आत माणूस आहे” असं ओरडत होते. बँड जोरात होता. पाहुण्यांच्या बंदोबस्तातल्या दोघांनी मला दंडाला धरलं. त्यांना वाटलं मी काहीतरी निवेदन द्यायला घुसतेय. कोणीतरी म्हणालं, “बाईला भूत दिसलं वाटतं,” आणि आजूबाजूची हसली. पाहुण्यांनी हिरवा झेंडा हलवला. माळा घातलेला तो लोखंडी हात वर गेला आणि पिवळ्या भिंतीवर बसला. टाळ्या वाजल्या.

मी ओरडत राहिले, “मामा, बाहेर या, मामा.” पण माझ्या ओरडण्यावर मामा कधी बाहेर आले होते? दारावर लोक नेहमीच ओरडायचे. ए भुता, ये की बाहेर, हाईस का मेलास. त्याला ओ द्यायची नाही, हाच तर त्यांचा नेम. रुळाचंच फक्त ऐकायचं. आणि रुळानं सांगितलं होतं की गाडीत लहान पोर आहे.

दुसरी भिंत पडली. मग छत. मग ती विहिरीच्या बाजूची.

जेसीबी कोणाच्या सांगण्यावरून थांबला नाही, साहेब. त्या मिसरी लावणाऱ्या पोरानं स्वतः थांबवला. त्याला विटांत काहीतरी पांढरं हललेलं दिसलं. त्यानं वरूनच उडी टाकली आणि हातानं विटा बाजूला करायला लागला. तेव्हा कुठं बँड थांबला. मला धरणाऱ्यांचे हात सुटले.

विहिरीचा कट्टा तुटला होता, पण त्यानं छत पुरतं अंगावर येऊ दिलं नव्हतं. मामा स्टुलावरून खाली सरकून बसले होते. मान खाली. कमरेखालचं सगळं मलब्यात. तोंडावरच्या पांढऱ्यात लाल ओघळ. पहिल्यांदा लोकांना कळलंच नाही. कोणीतरी खरंच “भूत, भूत” म्हणालं, दोघातिघांनी मोबाइल वर धरले. बावीस वर्षांत मामांना उजेडात बघणारी ती पहिली गर्दी.

मी खाली उतरले. त्यांचा हात धरला. त्यांनी डोळे उघडले, मला ओळखलं.

“मालन.”

“मामा, बोलू नका. आलेत लोक.”

“पोर भ्यालं का?”

“काय?”

“गाडीत पोर हुतं न्हवं? दोन ठोकं पडलं. म्या हललो न्हाई. समदं पडाय लागलं तरी न्हाई हललो. भ्यालं न्हाई न्हवं ते?”

मी म्हणाले, “नाही मामा. भ्यालं नाही.”

“मग झालं,” ते म्हणाले.

मामांना गाडीत घातल्यावर मी मांडवात आले, तेव्हा तुम्ही पत्रकारांना सांगत होतात की कोणी दारूच्या नशेत आत झोपलं होतं. आम्ही पूर्ण पाहणी केली होती. आत कोणीही नव्हतं. एका वाक्यात आत दारुडा झोपला होता आणि दुसऱ्या वाक्यात आत कोणी नव्हतं. पत्रकारांनी दोन्ही छापलं.

मामा त्यानंतर पावसाळाभर जगले. सरकारी दवाखान्यात, कोपऱ्यातल्या खाटेवर. दोन्ही पाय गेले होते. मी डबा घेऊन जायची. शेजारच्या खाटांना माणसं भेटायला यायची, संत्री आणायची, भांडायची, रडायची. मामांकडं मी सोडून कोणी आलं नाही. बागेत कामाला असलेली माणसं पांगली होती, आणि जी गावात होती त्यांना भीती होती की दवाखान्यात दिसलो तर नव्या बागेत घेणार नाहीत. मी त्यांना दोष देत नाही. तुम्हाला देते.

मामा छताकडं बघत पडलेले असायचे. मी आले की एकच विचारायचे.

“साहेबांनी बघितलं न्हवं काम?”

“बघितलं.”

“एवढं अंगावर आलं तरी जागा सोडली न्हाई, सांगितलंस का त्येस्नी?”

“सांगितलं.”

“मग काय म्हणाले?”

मी डबा उघडायची, भात कालवायची, वेळ काढायची. पण ते सोडायचे नाहीत. शेवटी एक दिवस मी म्हणाले, “घेतो म्हणाले, मामा. नव्या बागेत. मशीनच्या भुतांना शिकवायला.”

त्यांनी छतावरची नजर माझ्याकडं वळवली. मग म्हणाले, “पाय न्हाईत हे सांगितलंस का?”

“त्यांना चालतंय म्हणाले. विहिरीत पाय कुठं दिसतात?”

ते हसले. कवळी नव्हती, ती त्या दिवशी खिशातच चुरडली होती. त्या आठवड्यात ते गेले. मी जवळ नव्हते, डबा घेऊन वाटेत होते. पोचले तर खाटेवर दुसरा माणूस झोपलेला. त्यानं मला विचारलं, कोणाला बघताय? मी डबा घेऊन परत आले.

नव्या बागेत मी एकदा गेले, साहेब. चांगली आहे. चकाचक आहे. भूतबंगल्याला आता इंग्रजी नाव आहे आणि आत थंडगार हवा. माझ्या पुढच्या गाडीत एक लहान मूल होतं. ते किंचाळायला लागलं, त्याची आई “थांबवा, थांबवा” म्हणत होती, आणि ती रबराची भुतं आपल्या वेळेवर वर येत होती, खाली जात होती, परत वर येत होती. बाहेर येईपर्यंत ते मूल काळंनिळं झालं होतं. दारावरच्या पोराला मी म्हणाले, अरे, लहान पोर होतं. तो म्हणाला, मावशी, आपल्या हातात काही नाही, सगळं आपोआप आहे.

मी तिथंच बाकावर बसले. आजूबाजूला माणसंच माणसं होती. कुठं आकाशपाळणा होता, कुठं तळं होतं, कुठं विहीर, मला जागा लावता येईना. संध्याकाळ झाली, दिवे लागले, लोक निघाले. एका पोरीनं येऊन सांगितलं, काकू, बंद करतोय आता.

तुमच्या चौकशीत मामांबद्दल मला एवढंच विचारलं गेलं, “तुम्ही दारावर का नव्हता?” मी खरं ते सांगितलं. मग मी त्यांना विचारलं की मी साहेबांना कानात सांगितलं होतं, त्याचं काय? ते म्हणाले, साहेबांना तसं काही आठवत नाही.

म्हणून आता तुम्हालाच विचारते. चारचौघांत विचारते. मामा आत बसलेत, असं मी म्हणाले, आणि तुम्ही “हो हो” म्हणालात. तेव्हा माझं बोलणं तुम्हाला ऐकू आलं होतं की नव्हतं? आलं होतं, तर मान का हलवलीत? आणि आलं नव्हतं, तर हो कशाला म्हणालात?

दोन्हीतलं एक काहीतरी असणार. कुठलं, ते सांगा.